फरशीखालच्या पोकळीबद्दल सहावी तक्रार (पहिली लेखी)

लातूर, 3 जून 2023

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : सप्टेंबर 2022 मध्ये भरलेली पोकळी पुन्हा झाल्याबद्दल, आणि काल फोनवर मिळालेल्या सल्ल्याबद्दल

काल तुमच्या ग्राहक सेवेला फोन लावला. तेवीस मिनिटं चालला. त्यातली चौदा मिनिटं सनई ऐकली. उरलेल्या नऊ मिनिटांत जे ऐकलं त्यासाठी हे पत्र आहे.

काम तुमच्या दप्तरी आहेच. गणपती उठल्यावर, 13 सप्टेंबरला तुमची दोन मुलं फरशीखालची पोकळी शोधायचं रडारचं यंत्र ढकलत आली. हॉल पूर्ण फिरवला, स्वयंपाकघर निम्मं. ओट्याखाली यंत्र जात नाही म्हणून तो भाग राहिला, मोरीला उतार आहे म्हणून तीही राहिली. तीन जागी खडूने गोल काढले. चार दिवसांनी चौदा भोकं पाडून पोकळी भरायचा, फुगून घट्ट होणारा 38 किलो फोम आत सोडला. किलोला 1,400 प्रमाणे 53,200, तपासणीचे 12,000, वर जीएसटी, असे 76,936 रुपये मी त्याच दिवशी दिले. पाच वर्षांची वॉरंटी. ती आठ महिनेही पुरली नाही.

एप्रिलात हिने ज्वारीच्या पिठाचा डबा खाली ठेवला आणि 'ढब' असा आवाज आला. डबा दोन हात सरकवून ठेवला तर नुसता 'टक्'. मग मी काठी घेऊन सगळं घर वाजवत फिरलो. मोरीच्या भिंतीपासून फ्रीजपर्यंत ढब. मे महिन्यात तिथली फरशी चिरली. स्कर्टिंगखाली एवढी फट पडलीय की नातवाने एक रुपयाचं नाणं उभं आत सोडलं. ते खाली पडल्याचा आवाज यायलाही जरा वेळ लागला. तो रुपया तुमच्या हिशोबात धरा.

आता कालचं बोलणं. शब्दशः देतो, कारण तुमच्याकडे रेकॉर्डिंग होतं असं सनईच्या मध्ये मध्ये एक बाई सांगत होत्या.

"काका, आवाज कधी येतो?"

"ठोकल्यावर."

"मग ठोकू नका ना."

मला वाटलं रेंज गेली. म्हटलं, काय म्हणालात? तर बहिऱ्याला सांगावं तसं एकेक अक्षर तोडून, "ठो-कू न-का." वर समजावणं : ठोकलं नाही तर आवाज नाही, आवाज नाही तर तक्रार कशाची? मी म्हटलं, बाळा, फरशी चिरली आहे, ती काय मी ऐकून सांगतोय? त्यावर उत्तर असं, की वारंवार ठोकल्यामुळे फोम सुटला असेल, आणि ग्राहकाने केलेला आघात वॉरंटीत बसत नाही. आघात! माझी काठी वेताची आहे हो. चाळीस वर्षं भजनात पखवाज वाजवतोय. डाव्या पुडीला कणीक किती लावायची हे मी आवाजावरून ठरवतो. पोकळ काय आणि भरीव काय, हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही. आणि तुमची मुलं आली तेव्हा यंत्र काढायच्या आधी त्यांनीही हातोडीच्या दांड्याने ठोकूनच पाहिलं होतं. त्यांचं ठोकणं तपासणी, माझं ठोकणं आघात.

पुढचा प्रश्न : "तुम्ही घरात पाणी जास्त वापरता का?" हे लातुरात विचारताय. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते याच गावात. आमच्याकडे तांदळाचं धुवण तुळशीला जातं.

पाणी मात्र खरंच मुरत होतं, आणि ते शोधलं आमच्या गल्लीतल्या प्लंबरने, 600 रुपयांत. त्याने मोरीच्या पाइपाचं चेंबरकडचं तोंड बुच मारून बंद केलं, जाळीपर्यंत पाणी भरलं आणि चहा पीत बसला. वीस मिनिटांत पाणी चार बोटं उतरलं. जोड फुटला होता. तो मी बदलून घेतला आहे. पण मुरूम आधीच वाहून गेलाय. तुमच्या फोमला पाणी लागत नाही, मान्य. पण त्याच्या खालचाच आधार गेला तर तो फोम बसणार कशावर? 12,000 रुपयांच्या तपासणीत हे बुच कोणाला सुचलं नाही, कारण मोरीत उतार होता!

दुसरं. आमचं घर काळ्या मातीवर आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, शेतात पाय जाईल अशा भेगा पडतात. तुम्ही पाहिलं सप्टेंबरात, माती फुगलेली असताना. ओल्या चिकण मातीत रडारच्या लहरी मुरतात, खोलवरचं दिसत नाही, हे तुमच्याच मुलाने मला सांगितलं होतं. अहवालात ते नाही.

म्हणून घाई आहे. मिरग चार-पाच दिवसांवर आलाय. एकदा पाऊस पडला की माती फुगेल, फटी मिटतील, आणि तुमचा माणूस येऊन म्हणेल, "काका, कुठंय पोकळी?" माणूस पाठवायचा तर पावसाआधी पाठवा. ओट्याखाली यंत्र जात नसेल तर फरशीला छोटं भोक पाडून कॅमेरा घाला. मोरी धरून सगळं तपासा, पोकळी पुन्हा भरून द्या, चिरलेल्या फरश्या बदला, आणि अर्धवट तपासणीचे 12,000 परत करा. मोरी तपासलीच नव्हती, हे पुन्हा लिहितो.

पंधरा दिवसांत काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जातो. 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही, आणि निवृत्त माणसाला वेळेची कमतरता नसते. औसा तालुक्यात 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट पाहिलेला माणूस आहे मी. पायाखालची जमीन हा माझ्याकडे चेष्टेचा विषय नाही.

वाईट याचं वाटतं, की तुमचं नाव मीच भजनी मंडळात चौघांना सांगितलं होतं. त्यातल्या दोघांनी काम करून घेतलंय. आता ते मला विचारतात, आणि मी विषय बदलतो.

सोबत : बिल, वॉरंटी कार्ड, चिरेचे तीन फोटो, प्लंबरची पावती.

आपला ग्राहक

ता. क. : गुरुवारी संध्याकाळी माणूस पाठवू नका. घरी भजन असतं, ठोकलेलं ऐकू येणार नाही.