पुस्तक मिटून बघ

23 नोव्हेंबर, रात्र, वावरातून

चि. सोनू हिला बाबाचे अनेक आशीर्वाद.

हरभरा अजून कोवळा आहे. रोही येतात, रानडुकरंही येतात, म्हणून या आठवड्यात जागल माझ्याकडे आहे. मचाणावर बसून, डोक्याला बॅटरी लावून लिहितो आहे. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

परवा फोनवर तू रडलीस. बीजगणितात 40 पैकी 14. "बाबा, सगळं वाचलं होतं, पण पेपर हातात आला अन् काहीच आठवेना," एवढं बोललीस आणि वसतिगृहातली तुझी फोनची वेळ संपली. मला बोलायचं होतं ते तसंच राहून गेलं. तू अभ्यास केला नाहीस, असं माझ्या मनात एकदाही आलं नाही, हे आधी सांगतो. दिवाळीत मी बघत होतो ना. पहाटे ओट्यावर बसायचीस, मांडीवर पुस्तक, पिवळ्या पेनानं रंगवलेल्या ओळी, आणि तेच पान पुन्हा पुन्हा. मेहनत पुरेपूर होती, पण ती वाचण्यातच खर्च झाली.

मला हे कळतं, कारण मी स्वतः इथंच पडलो होतो. दहावीला मी गणितात नापास झालो, हे तुला माहीत आहे. काहून झालो, ते कधी सांगितलं नाही. माझ्याकडे गाईड होतं. त्यातली सोडवलेली गणितं मी गोष्टीसारखी वाचायचो. ही पायरी, मग ती पायरी, बरोबर, समजलं, पुढचं पान. पेपरात कोरा कागद समोर आला तेव्हा पहिली पायरीच सुचेना. ऑक्टोबरच्या परीक्षेआधी गावातल्या एका मास्तरांकडे गेलो. त्यांनी गाईड हातातून घेतलं, पालथं ठेवलं अन् म्हणाले, आता हेच गणित लिही. दोन ओळींच्या पुढं जाता आलं नाही. त्या दिवशी इतकी लाज वाटली की सांगता येत नाही. पण मी पास झालो तो त्या पालथ्या पुस्तकामुळे.

आपल्या शाळेतल्या सरांशी काल याच विषयावर बोललो. त्यांनी सांगितलं की अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोन अभ्यासकांनी 2006 मध्ये हे तपासून बघितलं. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. बाकीच्यांनी कमी वेळा वाचला, पण न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. सोनू, तुझ्या रडण्याचं उत्तर यात आहे बघ. वाचून उठलं की वाटतं, येतं मला. पाच मिनिटांपुरतं ते खरंही असतं. परीक्षा मात्र पाच मिनिटांनी नसते.

म्हणून आता एवढं कर. धडा एकदा नीट वाच, समजून वाच. मग पुस्तक मिटव आणि कोऱ्या कागदावर जे आठवतं ते लिही. तुटकं येईल, अर्धं येईल. पहिले काही दिवस फार त्रास होईल, वाटेल आपल्याला काहीच येत नाही. तरी लगेच पुस्तक उघडू नकोस, थोडा वेळ डोक्याला ताण दे. मग उघड आणि जे सुटलं तेवढंच बघ. भूगोलात भारत आणि ब्राझीलची तुलना आहे ना, ती अशीच कर. कागदावर उभी रेघ ओढ, एका बाजूला आपण, एका बाजूला ब्राझील, आणि हवामान, नद्या, शेती मनानं भर. रिकामी राहिलेली जागा दिसली की काय वाचायचं ते आपोआप कळतं.

दुसरी गोष्ट उजळणीच्या पाळ्यांची. डवरणी आपण एका दिवसात तीनदा करतो का? एक पाळी देतो, थांबतो, तण पुन्हा डोकं काढतं, तेव्हा दुसरी देतो. विसरण्याचंही तसंच आहे. जर्मनीच्या एबिंगहाउसनं स्वतःवरच प्रयोग केले. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायचा आणि किती विसरलो ते मोजायचा. 1885 साली त्यानं ते पुस्तकात मांडलं. सगळ्यात जास्त आपण पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात विसरतो, त्यानंतरचं हळूहळू जातं. मग रविवारी एकदम पाच तास बसण्यापेक्षा तेच पाच तास आठवडाभर वाटलेले बरे. आज जे शिकलीस त्याचे तीन-चार प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव, उत्तरं लिहू नकोस. उद्या ते सोडव, मग तीन-चार दिवसांनी, मग पुढच्या आठवड्यात. जो अडला त्याच्यापुढे फुली. फुलीवाले पुन्हा लवकर, बाकीचे सावकाश. पहिली उजळणी चुकवू नकोस, तीच महत्त्वाची.

गणिताचं अजून एक आहे, आणि तुझे मार्क तिथंच गेले असतील असं मला वाटतं. वर्गसमीकरणाचा सरावसंच घेतला की सगळी गणितं वर्गसमीकरणाचीच. दोन सोडवली की हात आपोआप चालतो. पण बोर्डाच्या पेपरात गणिताच्या डोक्यावर धड्याचं नाव लिहिलेलं नसतं. शाब्दिक उदाहरण आलं की आधी ओळखावं लागतं, इथं दोन चलं धरायची, की अंकगणिती श्रेढी आहे, की वर्गसमीकरण मांडायचं. ही ओळख एकाच धड्याचा ढीग सोडवून येत नाही. संकीर्ण प्रश्नसंग्रहातली गणितं वेगवेगळ्या धड्यांतून घे, एकेक चिठ्ठीवर लिही, चिवड्याच्या रिकाम्या डब्यात टाक आणि रोज न बघता पाच काढ. आधी फक्त ओळख, मग सोडव. रविवारी घड्याळ लावून 40 मार्कांचा पूर्ण पेपर दोन तासांत लिहून बघ, मध्ये उठायचं नाही.

आणि तो 14 मार्कांचा पेपर फाडू नकोस. गेलेल्या 26 मार्कांपैकी एकेका मार्कापुढे लिही, हे येतच नव्हतं, की ओळखता आलं नाही, की उणे चिन्ह सुटलं. तिन्हींची औषधं वेगळी आहेत. मी रविवारी येईन तेव्हा तो पेपर आपण दोघं मिळून बघू. मी रागावणार नाही, शब्द देतो.

झोपेचं आईनं लिहायला सांगितलं आहे. खोलीतल्या मुली रात्री एकपर्यंत जागतात म्हणून तू जागू नकोस. दिवसभर शिकलेलं झोपेत पक्कं होतं, झोप कापली तर तेच कापलं जातं. दहाला झोप. खोलीत गलका असेल तर संध्याकाळी गच्चीवर जा, आणि जमलं तर एखाद्या मैत्रिणीला धडा समजावून सांग. जिथं अडखळशील तिथं तुझं कच्चं आहे.

आई ठीक आहे. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे, बायका मिळत नाहीत म्हणून ती स्वतः सकाळपासून पऱ्हाटीत असते. पैशाची काळजी तू करायची नाही, ते माझं काम. तिनं तुझ्यासाठी पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा शिवून ठेवला आहे, आठवून लिहायला. सोबत तिळाची चटणी आहे.

आता एक काम देतो. तुझ्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे, तो मी तुझ्या जुन्या प्रतीतून वाचला. आज सांजेला आपल्या विहिरीच्या काठावरून एक खडा नुसता सोडला, फेकला नाही, आणि मोबाइलवर वेळ घेतली. चार वेळा केलं. पाण्यापर्यंत जायला जवळपास दीड सेकंद लागतो. काठापासून पाणी किती खोल आहे ते काढ. सूत्र पुस्तकात बघू नकोस, आधी आठव. मी दोर सोडून, हातानं मोजून ठेवलं आहे, पण आकडा इथं लिहीत नाही. तू मीटरमध्ये काढशील, माझ्याकडे हातांत आहे. एक हात म्हणजे दीड फूट धर. रविवारी तुझा कागद अन् माझा दोर शेजारी ठेवून बघू.

तुझा
बाबा