ट्रेलर जोडून आण म्हणणाऱ्या मेस्त्रीकाकांना

मेस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार. हे सगळं समोर उभं राहून बोलायला गेलो असतो, तर तुम्ही "बरं बरं, चल" म्हणत हात पुसत आत गेला असतात. म्हणून जाहीर लिहितोय. चार लोकांनी वाचावं, अशीही इच्छा आहे.

माझ्या पिकअपला पुलिंगच राहिलं नव्हतं. रिकामी ठीक पळायची, पण मागे भरलेला ट्रेलर आणि पुढे चढ आला की काळा धूर, दुसऱ्या गिअरमध्ये रखडणं आणि मागे वाहनांची रांग. हे दुखणं घेऊन ज्या ज्या दारात गेलो, तिथे निदानाआधी वस्तू पुढे आली. कुणी महागडा एअर फिल्टर गळ्यात मारला. कुणी कॉम्प्युटर जोडून डिझेल वाढवून दिलं. धूर आणखीच वाढला. एकाने तर ईजीआर (प्रदूषण कमी करायला थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा भाग) बंद करून टाकू, कुणाला कळतंय, असं सुचवलं. पैसे गेले ते गेले, पण यांच्यापैकी एकानेही ट्रेलर जोडलेला असताना गाडी चालवून पाहिली नाही, याचा राग अजून जात नाही.

तुम्ही बॉनेट उघडायच्या आधी एवढंच म्हणालात, "ट्रेलर भरून, जोडून आण. मी शेजारी बसतो."

दारात कामं खोळंबलेली असताना तुम्ही खरंच आलात. काच खाली केलीत, रेडिओ बंद करायला लावलात आणि चढावर सगळा वेळ बाहेर कान देऊन बसलात. मी मध्ये बोलायला गेलो, तर हातानेच गप्प केलंत. किती दिवसांनी कुणीतरी माझी तक्रार खरी धरली होती! अर्ध्या चढावर शिट्टीसारखा बारीक आवाज आला. "ऐकलंस? हवा पळतेय."

इंटरकूलरकडून, म्हणजे दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीकडून, इंजिनाकडे जाणाऱ्या होज पाइपाला खालून चीर होती. भार आला, इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचा दाब वाढला की ती उघडायची. गाडी जागेवर उभी असली की मिटायची. नुसतं बॉनेट उघडून ती कुणाला दिसणार?

परतताना तुम्ही शांतपणे समजावलंत. 1 किलो डिझेल जळायला साधारण 14.5 किलो हवा लागते, आणि डिझेल इंजिनाला प्रत्यक्षात त्याहूनही जास्त द्यावी लागते. हवा कमी पडली की डिझेल नीट जळत नाही, काजळी होऊन धुरातून जातं. अशा गाडीत डिझेल वाढवणं म्हणजे नाक दाबून धरायचं आणि वर पळ म्हणायचं. हवा दाबली की तापते, तापली की विरळ होते, म्हणून टर्बोनंतर ती थंड करावी लागते, हेही तेव्हाच कळलं. आजवर कुणी मला एवढं सांगण्याच्या लायकीचा समजलं नव्हतं.

पुढचं काम तुमचं तुम्हाला माहीत. पाइप बदलला, इंजिनात हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डमधली काजळी काढली, ईजीआर साफ करून चालूच ठेवला, इंटरकूलर मोठा बसवला आणि हवा ओढायचं तोंड बॉनेटखालच्या उष्णतेतून बाहेर काढलं. आता त्याच चढावर, तेवढ्याच वजनाला गाडी तिसऱ्या गिअरमध्ये जाते. आरशात धूर दिसत नाही.

मी हुरळून विचारलं, मोठा टर्बोही टाकू या का? तुम्हाला विकता आला असता. "मोठा टर्बो उशिरा भरतो. तुला ओढायला जोर खालच्या आरपीएमलाच, इंजिन हळू फिरतानाच हवा," म्हणून तुम्ही तो विषयच मिटवलात. आणि गाडी ताब्यात देताना बजावलंत, "ओढते म्हणून वजन वाढवू नकोस. ब्रेक, चासी, ट्रेलर जोडायचा हिच तेच आहेत. कंपनीच्या पुस्तकातली मर्यादा तीच तुझी मर्यादा." हे न सांगता गप्प राहिला असतात, तरी मी खूश होऊनच गेलो असतो. गिऱ्हाईक खूश असतानाही त्याच्या जिवाची काळजी करणारी माणसं अजून आहेत, आणि त्यांच्या हातात आपली गाडी पडावी, हे फार मोठं सुख आहे.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे क्लॅम्प आणि फिल्टर तपासून घ्यायला येतोच आहे. चढावरच्या त्या फेरीचे पैसे तुम्ही बिलात लावलेच नाहीत. या वेळी ते घ्यायचे आहेत, नाही म्हणायचं नाही.

तुमचा ऋणी,
पांढऱ्या पिकअपवाला