नशेतल्या माणसाला दुखत नाही, हे मुलींना कोण सांगणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आमच्या भागातल्या एका शाळेच्या स्वसंरक्षण शिबिराचा फोटो होता. आठवीतली मुलगी दांडग्या प्रशिक्षकाचं बोट मागे मुरगळते आहे आणि तो गुडघ्यावर आला आहे. खाली ओळ होती, ‘आता नशेखोरांची खैर नाही’. मुलीचं कौतुक आहेच, माझी नातही त्याच शिबिराला जाते. पण ती ओळ मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

मी ३१ वर्षं सरकारी रुग्णालयांत परिचारिका होते, त्यातली १४ वर्षं कॅज्युअल्टीत. बोट मुरगळणं, चिमटा काढणं, नडगीवर लाथ मारणं हे सगळे डाव समोरच्याला दुखतं एवढ्या एका गोष्टीवर उभे आहेत. एमडी, म्हणजे मेफेड्रोन हा अमली पदार्थ, घेतलेल्या माणसाच्या बाबतीत नेमकं तेच गृहीत धरता येत नाही. आमच्याकडे एकदा काच फोडून आलेला विशीतला मुलगा आणला होता. मनगटाच्या वरचं हाड मोडलेलं उघड दिसत होतं, आणि त्याच हाताने तो आम्हा चौघांना ढकलत होता. नशा उतरल्यावर, दुसऱ्या दिवशी दुपारी, तो पहिल्यांदा ‘आई गं’ म्हणाला.

फेब्रुवारी २०१५ मध्ये हे एमडी अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात त्याचा कारखानाच सापडला, तेव्हा आम्हा नाशिककरांना कळलं की हे मुंबईच्या पबपुरतं राहिलेलं नाही. घेणारा दोन-दोन रात्री झोपत नाही. घामाने निथळतो, जबडा आवळतो, कुणीतरी मागे लागलंय असं त्याला खरोखर दिसतं. म्हणजे आपण त्याच्याकडे पाहिलं तरी त्याच्या लेखी तो हल्ला असतो. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, ओढणारा नशेत असताना पेंगतो, त्याची भीती टर्कीत, म्हणजे माल मिळाला नाही की. ‘बटण’ आणि ‘कुत्ता गोळी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्या दारूबरोबर घेतल्या तर माणूस आत्ता गोड बोलेल आणि पुढच्या क्षणी धावून येईल, सकाळी त्याला यातलं काहीही आठवणार नाही. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते, बरळणारा, घामाघूम, अंगावर येणारा प्रत्येक माणूस नशेत नसतो. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर खाली गेली, डोक्याला मार लागला, फिट येऊन गेली तरी माणूस असाच वागतो. ‘बेवडा’ म्हणून लोकांनी बदडून आणलेल्या एका काकांची साखर आम्ही तपासली तेव्हा ती ३८ होती, म्हणजे जिवावर बेतावं इतकी कमी.

आता माझी स्वतःची चूक सांगते. २००९ सालची रात्रपाळी. दारू आणि गोळ्या घेतलेला एक तरुण ड्रेसिंगच्या खोलीत आरडाओरडा करत होता. तो पळून जाऊ नये म्हणून मी दार लावलं आणि दारातच उभी राहिले. पुढच्या क्षणी माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी त्याच्या मुठीत होती. पट्टी तुटेना. मी त्याच्या हाताला ओरबाडलं, नखं रुतवली, काही उपयोग झाला नाही. आमच्या वॉर्डातल्या मावशींनी बाहेरून दार उघडलं, स्वतः बाजूला झाल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “ये बाळा, इकडून ये, इकडं मोकळं आहे.” त्याने पट्टी सोडली आणि तो बाहेर गेला. त्याला मला मारायचं नव्हतंच, त्याला त्या खोलीतून सुटायचं होतं आणि वाटेत मी होते.

त्या दिवसापासून मी नव्या मुलींना पहिली गोष्ट दाराची शिकवत आले. दाराच्या जवळ आपण असावं, पण दार अडवून नव्हे. त्यालाही जायला वाट हवी. दोन हातांपेक्षा जास्त अंतर, मध्ये टेबल, स्ट्रेचर, रस्त्यावर असाल तर उभी स्कूटर, काहीही. समोरासमोर छाती काढून उभं राहू नये, थोडं तिरकं उभं राहावं. हात छातीच्या उंचीवर, पंजे उघडे. खिशात किंवा पाठीमागे गेलेला हात त्याला शस्त्र वाटतो. बोलायचं एकाच माणसाने, छोट्या वाक्यांत, तेच तेच पुन्हा. ‘शांत हो’ म्हणू नये, त्याने आजवर कुणीच शांत झालेलं मी पाहिलं नाही. ‘दादा, मी लांब उभी आहे, तू बस’ हे चालतं. भिंतीवर किडे दिसतायत म्हणाला तर वाद घालू नका आणि हो सुद्धा म्हणू नका. मोबाइल काढून चित्रीकरण तर अजिबात नको, अर्धी भांडणं तिथेच पेटतात. पैसे किंवा फोन मागितला तर तो एका बाजूला भिरकवा आणि दुसऱ्या बाजूला पळा.

धरलंच तर? मग दुखवण्यावर वेळ घालवू नये. मनगट धरलं असेल तर त्याच्या अंगठ्याच्या फटीकडे हात फिरवून झटक्यात ओढायचा. हा डाव चालतो, कारण त्यात त्याला दुखण्याचा संबंध नाही, अंगठा एकटा पडतो एवढंच. तोल घालवणारा धक्काही चालतो. मिरपुडीच्या फवाऱ्यावर पूर्ण विसंबू नका. रिक्षात किंवा लोकलच्या डब्यात तो आधी आपल्याच डोळ्यांत जातो. ओढणी गाठ मारून गळ्यात नको. चावा किंवा वापरलेली सुई लागली तर जखम पिळू नका, साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्हीचा प्रतिबंधक औषधोपचार ७२ तासांच्या आत सुरू व्हावा लागतो, जितका लवकर तितका बरा.

मे २०२३ मध्ये केरळमधल्या कोट्टारक्करा इथल्या तालुका रुग्णालयात डॉ. वंदना दास या तरुण डॉक्टरचा जीव गेला. पोलिसांनी उपचारांसाठी आणलेल्या माणसाने तिथलीच कात्री उचलली. पोलीस तिथे हजर होते. शौर्य कमी पडलं म्हणून ती मुलगी गेली नाही. कात्री हाताशी होती आणि माणूस बेभान होता. आमच्याकडे त्या बातमीनंतर ट्रे कुलपात ठेवायला लागले, हे आधीच व्हायला हवं होतं.

पण सगळ्यात जास्त मार खाणाऱ्या बाया मी रस्त्यावरून आलेल्या पाहिल्या नाहीत, घरातून आलेल्या पाहिल्या. मारणारा पोटचा मुलगा किंवा नवरा. त्यांना ‘पळा’ सांगून भागत नाही, आई पळत नाही. अशा घरांसाठी माझं सांगणं वेगळं आहे. तो नशेत असताना पैशाचा, नोकरीचा, बापाच्या नावाचा विषय काढू नका, सकाळी काढा. भांडण स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका, विळी, बत्ता, सुरी सगळं तिथेच असतं. शेजारचं एक घर आधी विश्वासात घ्या, किल्ली आणि कागदपत्रं तिथे ठेवा. ११२ ला फोन करणं म्हणजे लेकराला तुरुंगात धाडणं नव्हे. अमली पदार्थांच्या कायद्यातलं कलम ६४-अ आपणहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या खटल्यातून सूट देतं, ही गोष्ट मी शेकडो आयांना सांगितली असेल, आधी माहीत असलेली एकही भेटली नाही. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतं आहे. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

कायद्याबद्दलही गैरसमज फार. भारतीय न्याय संहितेचं कलम ३६ स्पष्ट सांगतं की हल्लेखोर नशेमुळे कायद्याने जबाबदार धरला जात नसला, तरी आपला बचावाचा हक्क तेवढाच राहतो. जुन्या दंडविधानात हेच कलम ९८ होतं. मात्र ३७ व्या कलमानुसार बचावाला लागेल तेवढीच इजा, जास्त नाही. आणि धोका संपला की हक्कही संपला.

इथेच आपल्या गावातली माणसं चुकतात. तो खाली पडल्यावर खरी मारहाण सुरू होते. हातपाय बांधतात, पालथा पाडतात, दोघं-तिघं पाठीवर बसतात. एमडीच्या नशेत अंग आधीच तापलेलं, हृदय धावत असतं, त्यात छाती दाबली की श्वास पुरत नाही. तो धडपडतो, लोकांना वाटतं अजून जोर करतोय, ते आणखी दाबतात. मग तो एकदम शांत होतो. ‘आता गपगार पडला’ म्हणून आमच्याकडे आणलेली दोन मुलं आणतानाच गेलेली होती. धरावं लागलंच तर हात-पाय धरा, पाठ आणि मान मोकळी सोडा, लगेच कुशीवर वळवा, ओल्या फडक्याने अंग पुसा आणि १०८ ला कळवा. श्वासावर नजर ठेवायला एक माणूस नेमा.

शाळांमध्ये राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण तीन महिने चालतं. त्यात एक तास या गोष्टीसाठी असावा, अशी माझी मागणी आहे. तसाच एसटीच्या वाहकांसाठी, आशा सेविकांसाठी आणि रात्रपाळीच्या परिचारिकांसाठीही. नातीच्या मुख्याध्यापिकांना मी भेटले. त्यांनी येत्या शनिवारी सकाळी साडेआठला आठवी-नववीच्या मुलींसाठी सभागृह दिलं आहे. वॉर्डातल्या त्या मावशी आता सत्तरीच्या आहेत, त्याही येणार आहेत. दार कसं उघडायचं ते त्याच करून दाखवतील. आपला छायाचित्रकार पाठवावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, नाशिक