आम्ही मत टाकायचं कुठे? गृहनिर्माणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. गृहनिर्माणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, सविनय नमस्कार.

15 जानेवारीला मुंबई महापालिकेचं मतदान झालं. 2017 नंतर थेट 2026. मार्च 2022 पासून तर नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. एवढ्या वर्षांनी मत द्यायला मिळणार म्हणून नालासोपाऱ्याहून सकाळची गाडी धरून डिलाईल रोडला आले. टेबलावरच्या मुलाने यादीवर पट्टी सरकवली. सासूबाईंचं नाव सापडलं. त्या जाऊन बरीच वर्षं झाली. माझं नाव नाही. "मावशी, तुम्ही शिफ्ट झालात ना? मग तिकडे बघा."

तिकडे, म्हणजे वसई-विरारला, त्याच दिवशी मतदान होतं. तिथल्या यादीत मी कधीच नव्हते. भाड्याची खोली, अकरा महिन्यांचा करार, करार संपला की नवा मालक, नवं डिपॉझिट आणि एजंटला एका महिन्याचं भाडं. कुठला पत्ता देऊन नाव नोंदवू?

साहेब, मी हौसेने शिफ्ट झाले नाही. आमची उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी चाळ बिल्डरने पुनर्विकासासाठी रिकामी करून घेतली. तीन वर्षांत चावी, तोवर दरमहा भाडं, असं करारात लिहिलंय. पहिली काही वर्षं भाडं आलं, मग उशिरा येऊ लागलं, मग चेक परत आला. बँकेने माझ्याच खात्यातून दंड कापला. चाळीच्या जागी आता पत्र्याचं कुंपण आहे, आत पावसाळ्यात तळं साचतं. कुंपणावर मात्र बेचाळीस मजल्यांचं चित्र आहे, जलतरण तलावासकट.

या निवडणुकीत आम्ही चाळकऱ्यांनी ठरवलं होतं, झेंडा बघायचा नाही. घराचं लेखी देईल त्यालाच मत. पाचशेचा स्टॅम्प पेपर आणला, मजकूर आमच्यातल्याच एका निवृत्त कारकुनाने लिहिला. रहिवाशांचं थकलेलं भाडं चुकतं झाल्याशिवाय बिल्डरच्या विक्रीच्या इमारतीला पुढची सीसी, म्हणजे बांधकामाची परवानगी, मिळू देणार नाही, एवढंच त्यात होतं. सीसी महापालिकाच देते, म्हणजे भलतंसलतं काही मागितलं नव्हतं. एक उमेदवार म्हणाला, पक्षाला विचारतो. एकाने चहा घेतला, फोटो काढला आणि पेन नाही म्हणाला. एकाने वाचून सही केली. त्याच्यासाठी आम्ही दारोदार फिरलो. दारं होती दिवा, बदलापूर, विरार अशी पसरलेली, कारण त्याचे मतदार आता तिकडे राहतात. तो पडला. किती मतांनी ते सांगत नाही, नाहीतर पक्ष कळेल. निवडून आलेल्या साहेबांना फोन केला तर म्हणाले, "ताई, हा म्हाडाचा विषय आहे."

हीच तर गंमत आहे. चाळ म्हाडाच्या मंडळाकडे, झोपडी एसआरएकडे, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे, नकाशा महापालिकेकडे, धोरण तुमच्याकडे. आणि मत मागायला येतो नगरसेवक. 2025-26 ला 74 हजार कोटींचं बजेट मांडलेली महापालिका घराचा विषय निघाला की गरीब बिचारी होते. 74 व्या घटनादुरुस्तीने स्थानिक संस्थांना नगरनियोजनाचे अधिकार द्यायचे ठरलं होतं म्हणे. आमच्या वॉर्डात ते अजून पोचलेले दिसत नाहीत.

आणि चाळ पाडली की तिचे मतदारही वॉर्डातून हटतात. टॉवर उभा राहीपर्यंत यादीत नवे लोक आलेले असतात, त्यांना पार्किंग हवं असतं. मग आमच्या भाड्याबद्दल बोलून कुठल्या उमेदवाराचा फायदा? मला यात कुणाचं कारस्थान दिसत नाही. कारस्थानाची गरजच काय, आपोआप होतंय.

माझी भाची लॉस एंजेलिसला असते. ती सांगते, तिथे 2022 मध्ये लोकांपुढे सरळ प्रश्न ठेवला: 50 लाख डॉलरच्या वर विकल्या जाणाऱ्या मालमत्तांवर कर लावून तो पैसा परवडणाऱ्या घरांसाठी आणि भाडेकरूंना आधार देण्यासाठी वापरायचा का? लोकांनी हो म्हटलं, पुढच्या एप्रिलपासून कर सुरू झाला. त्यावरून भांडणंही चालू आहेत म्हणे, असू देत. निदान विचारलं तरी! वरळीत शंभर-शंभर कोटींचे फ्लॅट विकले जातात, आमच्याकडे असा प्रश्न मतपत्रिकेवर कोण आणेल?

आपल्याकडे प्रश्न नसतात, आकडे असतात. 1995 ला 40 लाख झोपडीवासीयांना मोफत घरं. 2015 ला सर्वांसाठी घरे, मुदत 2022. मे 2025 मध्ये तुमचं नवं धोरण, 2030 पर्यंत 35 लाख घरं, नाव "माझे घर, माझा अधिकार". नाव छान आहे. 2011 च्या जनगणनेत मुंबईत पावणेपाच लाखांच्या आसपास घरं रिकामी पडलेली होती. आज किती, ते कुणाला विचारणार? 2021 ची जनगणना तर झालीच नाही. मला 35 लाख नकोत, एक हवंय.

वरळीच्या बीडीडी चाळीत ऑगस्ट 2025 मध्ये 556 कुटुंबांना चाव्या मिळाल्या. खरंच आनंद झाला, 160 फुटांतून 500 फुटांत गेले बिचारे. पण तिथेही भूमिपूजन 2017 चं, आणि ते काम तर सरकारने स्वतः म्हाडामार्फत हाती घेतलेलं. मग बिल्डरच्या भरवशावर सोडलेल्यांनी किती वर्षं दम धरायचा? माझ्या मिस्टरांना तो धरवला नाही. गेल्या वर्षी गेले. कागदपत्रांची पिशवी शेवटपर्यंत उशाशी होती, झेरॉक्सवर झेरॉक्स. आता वारस म्हणून माझं नाव लावायला पुन्हा तेच कागद मागतात. मुलगा म्हणतो, आई, सोड आता. कशी सोडू?

रखडलेली योजना बिल्डरकडून काढून घ्यायला म्हाडा कायद्यात 91-अ कलम सरकारनेच घातलंय ना? ते आमच्या चाळीला लावा. भाडं आगाऊ जमा करून घ्या, आमच्याकडे चेक परत येऊ देऊ नका. आणि पुनर्विकासात बाहेर गेलेल्यांची नावं जुन्याच वॉर्डात राहावीत, असं निवडणूक आयोगाला लिहा. हा माझा विषय नाही, असं उत्तर यावर आलं तर कृपया कुणाचा ते कळवा.

2029 ला विधानसभा आहे. तुमच्या पक्षाचा उमेदवार आला की स्टॅम्प पेपर पुढे करणार. त्याचे पाचशे रुपये या वेळी त्यानेच भरायचे.

कळावे,
एक भाडेकरू
(कागदावर डिलाईल रोड, हल्ली नालासोपारा)