सायंकाळी पाचनंतर समुद्र बंद कशासाठी?

महोदय,

कोरोनाच्या ओमायक्रॉन प्रकाराचा संसर्ग झपाट्याने वाढू लागल्यावर मुंबई पोलिसांनी कलम १४४ अन्वये समुद्रकिनारे, मैदाने, उद्याने आणि सागरी पदपथ सायंकाळी ५ ते पहाटे ५ या वेळेत बंद केले होते आणि हा आदेश १५ जानेवारी २०२२ पर्यंत लागू होता. ३१ डिसेंबरच्या रात्री गिरगाव आणि जुहू चौपाटीवर उसळणारी गर्दी रोखण्यापुरते ते पाऊल योग्यच होते. परंतु नववर्षाचा जल्लोष ओसरल्यावरही बंदी जशीच्या तशी ठेवण्यामागचे कारण उमगले नाही.

राज्य सरकारच्या ८ जानेवारीच्या आदेशानुसार उपाहारगृहे निम्म्या क्षमतेने रात्री १० पर्यंत सुरू राहू शकत होती. म्हणजे वातानुकूलित हॉटेलात मास्क उतरवून, अनोळखी माणसांच्या शेजारी बसून तासभर जेवता येत होते. दादर चौपाटीवर मास्क लावून एकट्याने फेरी मारायला निघालेल्याला मात्र शिट्टी वाजवून परत पाठवले जात होते. हा विषाणू बंदिस्त हवेत अधिक पसरतो, हे सांगायला आता तज्ज्ञ लागत नाही. खुद्द केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्ये घरात हवा खेळती ठेवण्याचा सल्ला दिला होता. तो योग्यच, पण बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत पाच-सहा माणसे राहत असतील तर तिथे हवा खेळणार तरी किती? अशा घरांतल्या माणसांना संध्याकाळी मोकळा श्वास घ्यायला वरळीचा किंवा दादरचा किनाराच असतो. शिवाय सहा वाजता कामावरून सुटणाऱ्याला पाचची वेळ कधीच गाठता येणार नव्हती, आणि पहाटे उठून जो तो तिथेच गेला तर टाळायची ती गर्दी सकाळी होणार होती.

लस उपलब्ध नव्हती त्या जून २०२० मध्येसुद्धा टाळेबंदी टप्प्याटप्प्याने शिथिल करणाऱ्या ‘मिशन बिगिन अगेन’च्या पहिल्या टप्प्यात राज्याने समुद्रकिनाऱ्यांवर चालणे, धावणे आणि सायकल चालवणे यांना पहाटे ५ ते सायंकाळी ७ पर्यंत परवानगी दिली होती. सुरुवातीला मरिन ड्राइव्हवर झुंबड उडाली, हे खरे. तरीही चालणारा माणूस पुढे सरकत राहतो, घोळका जमतो तो खाऊच्या गाड्यांभोवती आणि कट्ट्यांवर, एवढे तिथे रोज जाणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. भेळ-पाणीपुरीवाल्यांना फक्त पार्सल देण्याची मुभा दिली असती तर घोळकाही टळला असता आणि बुडालेला त्यांचा संध्याकाळचा धंदाही थोडाफार सुरू झाला असता.

पाच किंवा अधिक जणांच्या जमावाला दिवसा मनाई करणारा आदेश राज्याने तेव्हा काढलेला होताच. किनाऱ्यावर त्याचीच काटेकोर अंमलबजावणी करावी आणि १५ तारखेनंतर मुदतवाढ द्यायचीच झाली, तर निदान रात्री ९ पर्यंत चालणाऱ्यांना वाट मोकळी ठेवावी, ही पोलीस आणि महापालिका प्रशासनाला विनंती होती.

– एक वाचक, दादर (पश्चिम), मुंबई