टूलच्या आधी नेटवर्क शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र खरे तर तुमच्या हातात द्यायला हवे होते. पण आभाराचा शब्द निघाला की तुम्ही विषय बदलून काकूंना चहा टाकायला सांगता, म्हणून ते सर्वांसमक्ष लिहीत आहे. दुसरे कारण असे की, ‘एथिकल हॅकिंग (मालकाच्या परवानगीने संगणकातले कच्चे दुवे शोधणे) शिकायचे आहे, सुरुवात कुठून करू?’ असे विचारणारी मुले-मुली आता माझ्याकडेही येऊ लागली आहेत, आणि त्यांना मी जे सांगते ते मुळात तुमचे आहे, याची नोंद कुठेतरी असावी असे मला वाटते.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर, दिवसभर शाहूपुरीत एका व्यापाऱ्याकडे टॅलीत हिशेब लिहिणारी. महिनाभरात हॅकर बनवून देण्याचे आश्वासन देणाऱ्या एका क्लासचे पत्रक घेऊन मी राजारामपुरीत तुमच्या घरी आले, तेव्हा सहकारी बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झालेल्या तुम्ही ते शांतपणे वाचले, बाजूला ठेवले आणि दिनदर्शिकेच्या कोऱ्या पाठीवर दोन संगणक काढलेत. जोडणी करताना एकाने ‘सिन’ (बोलू का?) पाठवायचे, दुसऱ्याने ‘सिन-अ‍ॅक’ (हो, बोल), पुन्हा पहिल्याने ‘अ‍ॅक’ (ठीक, सुरू करू). पोर्ट, म्हणजे संगणकावरच्या सेवेचे क्रमांक दिलेले दार, बंद असेल तर समोरून ‘रिसेट’, म्हणजे नकार, येतो आणि मध्ये फायरवॉल, म्हणजे ये-जा अडवणारा पहारा, असेल तर बहुधा काहीच येत नाही. एवढे पक्के झाल्यावरच तुम्ही एनमॅप हे पोर्ट तपासणारे टूल उघडू दिलेत. त्यामुळे ओपन, क्लोज्ड आणि फिल्टर्ड हे शब्द पडद्यावर आले तेव्हा ते पाठ करावे लागले नाहीत. समोरून कोणते उत्तर आले असेल, हे मला आधीच ठाऊक होते.

सरावासाठी तुम्ही माझ्या जुन्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे एका संगणकात अनेक आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर, घालून दिलेत. त्यात एकीकडे तपासणीची टूल्स असलेली काली लिनक्स ही प्रणाली आणि दुसरीकडे सरावासाठी मुद्दाम कच्चे ठेवलेले मेटास्प्लॉइटेबल हे यंत्र, आणि दोन्हींचे नेटवर्क ‘होस्ट-ओन्ली’, म्हणजे ते कच्चे यंत्र घराबाहेरच्या कोणाला दिसू नये. लिनक्सची सवय नव्हती, ती ओव्हरदवायर या संकेतस्थळावरच्या बँडिट या खेळाने लागली.

त्यातली एक संध्याकाळ मला अजून स्पष्ट आठवते. नेटवर्कवरून जाणारी माहिती टिपणारे वायरशार्क चालू ठेवून तुम्ही मला टेलनेटने (दूरच्या संगणकावर काम करण्याच्या जुन्या पद्धतीने) मेटास्प्लॉइटेबलमध्ये लॉगिन करायला सांगितलेत आणि मग त्यातले ‘फॉलो टीसीपी स्ट्रीम’, म्हणजे सगळे संभाषण सलग दाखवणारी खिडकी, उघडायला लावलेत. लॉगिन नावातले प्रत्येक अक्षर तिथे दोनदा दिसत होते, पासवर्डातले मात्र एकदाच. कारण विचारले तर ‘शोधून ये’ एवढेच म्हणालात. उत्तर सापडले तेव्हा फार आनंद झाला: आपण टाइप केलेले अक्षर सर्व्हरकडे जाते, सर्व्हर तेच परत पाठवतो म्हणून ते आपल्याला दिसते, पासवर्ड कोणी पाहू नये म्हणून सर्व्हर तो परत पाठवत नाही, इतकेच. म्हणजे पडद्यावर झाकलेला पासवर्ड तारेवरून उघडाच जात होता. टेलनेट वापरू नये, तेच काम सांकेतिक रूपात करणारे एसएसएच वापरावे, हे कोणत्याही पुस्तकात एका ओळीत सापडेल. पण ती ओळ मला स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला मिळाली.

त्याच यंत्रावर पुढे व्हीएसएफटीपीडी या फाइल देवाणघेवाणीच्या सॉफ्टवेअरची २.३.४ ही आवृत्ती भेटली. २०११ च्या जुलैमध्ये असे उघडकीस आले होते की, या सॉफ्टवेअरच्या डाउनलोडमध्ये कोणीतरी गुपचूप चोरवाट घालून ठेवली आहे. वापरकर्त्याच्या नावापुढे कोलन आणि कंस जोडून हसरा चेहरा लिहिला की ६२०० क्रमांकाचे पोर्ट उघडते. मेटास्प्लॉइट या हल्ल्यांच्या तयार टूलने हे काम दोन-चार ओळींत होते, पण तुम्ही मला आधी ते हाताने करायला लावलेत. टूल काय करते हे ठाऊक नसताना ते चालवणे तुम्हाला मुळीच खपत नाही, आणि आता मलाही खपत नाही.

इतक्या मुळापासून कशाला, असे मी विचारले होते, तेव्हा तुम्ही कॉसमॉस बँकेचे प्रकरण समजावलेत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या या बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले आणि त्यातली काही रक्कम आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधूनही काढली गेली. हल्लेखोरांनी मध्येच एक बनावट स्विच (एटीएमच्या विनंत्या बँकेकडे पोहोचवणारी यंत्रणा) उभा केला होता, आणि पैसे काढण्याच्या विनंत्यांना बँकेच्या खऱ्या यंत्रणेऐवजी तोच होकार देत होता. उत्तर कोण देत आहे आणि त्याने ते कोणाला विचारून दिले, हा प्रश्न मी तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी विचारते.

कायद्याबाबत तुम्ही कधी सूट दिली नाहीत. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ४३ मालकाच्या परवानगीवाचून संगणकात शिरण्याबद्दल आहे, आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘मी काही घेतले नाही, नुसते पाहिले’ हा नवशिक्यांचा आवडता बचाव कलम ४३ समोर टिकत नाही, हे मी आता प्रत्येकाला पहिल्याच भेटीत सांगते.

म्हणूनच एका पतसंस्थेने तुम्हाला सभासदांसाठीची वेबसाइट तपासून मागितली तेव्हा तुम्ही आधी लेखी पत्र घेतलेत: कोणता सर्व्हर, कोणत्या तारखा, कोणत्या वेळा, काही बंद पडले तर फोन कोणाला करायचा. मला शेजारी बसवलेत, तेही त्या पत्रात माझे नाव घालूनच. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली देवाणघेवाण दाखवणाऱ्या बर्प सुइटमध्ये दिसले की, पावती पाहताना वेबसाइटच्या पत्त्यात तिचा क्रमांक जातो, आणि तो बदलला की दुसऱ्याच सभासदाची पावती उघडते; सर्व्हर लॉगिन तपासत होता, पावती कोणाची आहे हे तपासत नव्हता. ओवास्प या वेब-सुरक्षेच्या संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत याच प्रकारचे दोष पहिल्या क्रमांकावर आहेत. संस्थेकडे मागणी करून घेतलेल्या दोन चाचणी खात्यांवर ते सिद्ध होताच तुम्ही थांबलात. खऱ्या सभासदांच्या पावत्या चाळत बसला नाहीत.

अहवाल मात्र तुम्ही मराठीत लिहायला लावलात. ‘प्रणाली असुरक्षित आहे’ या वाक्यावर तुमच्या लाल पेनाची रेघ आली आणि त्याजागी आले: ‘लॉगिन केलेला कोणताही सभासद पावती क्रमांक बदलून दुसऱ्याची पावती पाहू शकतो.’ हे वाचून अध्यक्षांनी वेबसाइट करणाऱ्याला त्याच दुपारी बोलावून घेतले. त्याने क्रमांकाऐवजी लांबलचक अक्षरे टाकण्याची तयारी दाखवली. पावती मागणारा तिचा मालक आहे की नाही हे सर्व्हरनेच पाहिले पाहिजे, हे तुम्ही त्याला न दुखावता पटवलेत. बदल झाल्यावर फेरतपासणी आपण केली, ती वेगळी फी न घेता. त्या दिवशी तुमच्या बोलण्याची रीत मी सर्वांत जास्त टिपून घेतली.

सध्या बर्प सुइट बनवणाऱ्या पोर्टस्विगरच्या मोफत वेब सिक्युरिटी अकॅडमीतले अ‍ॅक्सेस कंट्रोलचे (कोणाला काय पाहू द्यायचे याचे) प्रकरण चालू आहे. टिपणे पूर्ण झाली की रविवारी घेऊन येते. काही ठिकाणी अडले आहे, तिथे खुणा केल्या आहेत. काकूंना माझा नमस्कार सांगावा.

आपली विद्यार्थिनी,
कोल्हापूर