रोर्कला आई नाही, केतकी

चि. केतकीस,
अनेक आशीर्वाद.

तू गेल्याला आज एकवीस दिवस झाले. भांडणाबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. नंदूमामाबद्दलही नाही. त्याच्याबद्दल फोनवर चारदा बोलले आणि चारही वेळा तू गप्प राहिलीस. म्हणून पुस्तकाबद्दल लिहिते. तुझं आयन रँडचं 'द फाउंटनहेड' टेबलावर राहिलं होतं (विसरलीस की ठेवून गेलीस, देव जाणे), ते मी वाचून काढलं. रात्री दर दोन तासांनी नंदूची कूस बदलावी लागते. मधल्या वेळात झोप लागत नाही, तेव्हा वाचायचे. तुझ्या पेन्सिलीच्या खुणा पानोपानी होत्या. तू शेजारी बसून वाचते आहेस असं वाटायचं.

पुस्तक मला आवडलं. तुला वाटत असेल आई नावं ठेवणार, म्हणून आधीच सांगते. १२ प्रकाशकांनी परत पाठवलेली कादंबरी १९४३ साली एकदाची छापून येते आणि आजही तुझ्यासारखी मुलगी ती उशाशी घेऊन झोपते, हे काही उगाच घडत नाही. कामं मिळेनात म्हणून त्यातला आर्किटेक्ट रोर्क ऑफिस बंद करतो आणि ग्रॅनाइटच्या खाणीत दगड फोडायला जातो, पण दुसऱ्याला हवी तशी खोटी इमारत काढत नाही. ते वाचताना मला तूच दिसत होतीस. तुझा आराखडा तुला न विचारता बदलला आणि तू राजीनामा देऊन घरी आलीस. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. मीही 'आता पुढे काय' म्हणत बसले. पण त्याच आठवड्यात सुधाताईला मी तीन वेळा सांगितलं, आमच्या केतकीनं मान खाली घातली नाही. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली आणि मग ती डोक्यातून जाईना. रोर्कला आई नाही. वडील नाहीत, भावंड नाही, मामा नाही. पुस्तक उघडतं तेव्हा तो आधीच सगळ्यांतून मोकळा आहे. कुणाचं आजारपण त्याच्या दारात येऊन थांबत नाही. थांबतं ते फक्त म्हाताऱ्या कॅमेरॉनचं, आणि तिथे रोर्क काय करतो ते आठव. ऑफिसात कोसळलेल्या गुरूला तो उचलतो. पुढे त्याच्या शेवटच्या दिवसांत उशाशी जाऊन बसतो. शिल्पकार मॅलरीच्या त्या घाणेरड्या खोलीत जातो, तो रडत असताना तिथून हलत नाही, त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतो. या पानांवर तुझी एकही खूण नाही गं. कोर्टातलं भाषण मात्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत अधोरेखित आहे.

आता तू म्हणशील, कॅमेरॉन थोर होता, मॅलरी थोर होता, रोर्क त्यांच्याजवळ बसला तो त्यांच्या योग्यतेसाठी. बरोबर आहे. लेखिकेलाही तेच म्हणायचं असावं. माझं सगळं अडलं ते इथेच.

रोर्कबरोबर शिकलेला कीटिंग आपली चित्रं घेऊन त्याच्याकडे येतो ना, हरलेला, सुजलेला, आणि रोर्क त्याला सांगतो की आता उशीर झाला. तो गेल्यावर रोर्कला आयुष्यात पहिल्यांदा दया वाटते आणि तिची त्याला शिसारी येते. असल्या भावनेला जग सद्गुण म्हणतं, म्हणजे जगाचंच काहीतरी चुकलंय, असं त्याच्या मनात येतं. तिथे तू दोनदा रेघ मारलीस. मी ते पान तीनदा वाचलं. या माणसात आता काही उरलं नाही, याचा निकाल लागला, असं वाटणं म्हणजे तिथली दया. तशी दया खरंच वाईट, मला पटलं. पण आपल्याकडे तिला कीव म्हणतात. कळवळा वेगळा. पहाटे तीन वाजता नंदूच्या पाठीखाली हात घालते तेव्हा त्याच्या आयुष्याचा निकाल माझ्या मनात कुठे असतो? पाठ लाल झाली आहे का, एवढंच बघत असते.

तू दारात म्हणालीस, "दया म्हणून आले तर तो त्याचा अपमान होईल." मी म्हणाले, "दगड आहेस तू." तो शब्द मी परत घेते. तो मला शोभला नाही.

मी पुन्हा भाषण द्यायला लागले. पण आणखी एक सांगायचं आहे आणि ते सांगणं मला जड जातंय. कीटिंगला आई आहे. त्याला चित्रकार व्हायचं होतं, तिनं त्याला आर्किटेक्ट केलं. 'तुला हवं ते कर, मी कोण सांगणारी' असं म्हणत म्हणत प्रत्येक वेळी तिनं स्वतःचंच खरं केलं. कॅथरीनशी त्याचं लग्नही लांबणीवर टाकायला लावलं. ते वाचताना मी पुस्तक मिटून व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. तुझी ती निळी वही मला आठवली. दहावीनंतर मी काय बोलले होते तेही आठवलं. आणि ती कॅथरीन, गरिबांची सेवा करता करता त्यांचाच राग करायला लागते, त्यांनी उपकार मानावेत म्हणून वाट बघते. केतकी, हे मला माहीत आहे. 'मी सगळ्यांचं केलं' हे वाक्य या घरात सर्वांत जास्त मी म्हटलंय. अहंकार सेवेतही लपून बसतो, हे रँडबाईंनी अचूक लिहिलंय. तू माझ्या त्या सुराला कंटाळली असशील तर तुझा राग खरा आहे.

त्या बाईंचाही राग खराच होता. रशियातल्या क्रांतीनंतर वडिलांचं औषधांचं दुकान जनतेच्या नावानं हिसकावून घेतलं, ते तिनं लहान वयात पाहिलं. जिच्या घरावर असा घाला पडला, तिला 'इतरांसाठी' हा शब्द ऐकूनच चीड येणार. पण १९२६ साली ती एकटी अमेरिकेत उतरली तेव्हा शिकागोच्या नातेवाइकांनी तिला घरात ठेवून घेतलं होतं. पुढे आईवडिलांना रशियातून आणायचा तिनं प्रयत्न केला, तो सफल झाला नाही, आणि त्यांची भेट पुन्हा झालीच नाही. मला त्या बाईंशी भांडायचं नाही. फक्त ही गोष्ट कळल्यापासून ती सारखी मनात येते.

नंदू थोर नाही, हे मीही जाणते. त्याचं कुठलंच काम तडीला गेलं नाही. बाबांचे पैसे त्यानं परत केले नाहीत. त्याच्यात कौतुक करण्यासारखं काय, असं तू विचारलंस तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. आताही नीट सुचत नाही. एवढंच आठवतं, तू सात वर्षांची असताना त्याचा रेडिओ उघडलास, सगळे स्क्रू वाटीत काढून ठेवलेस, आणि तो रेडिओ पुन्हा कधी लागला नाही. स्वतःच्या कमाईची तीच एक वस्तू होती त्याच्याकडे. तरी पुढची दोन वर्षं तो सगळ्यांना 'दुरुस्तीला दिलाय' म्हणून सांगत राहिला, तुला कुणी बोलू नये म्हणून. तू त्या दिवशी जमिनीवर पालथी पडून तारांचं चित्र काढत होतीस आणि तो तुझ्यासाठी टॉर्च धरून बसला होता. तो रेडिओ बिघडल्याचं तुला तरी कधी कळलं का?

'मी तुझ्यावर प्रेम करतो' म्हणायला आधी 'मी' म्हणता यायला हवं, असं रोर्क म्हणतो ते मी वहीत उतरवून घेतलं. मला 'मी' म्हणायला कुणी शिकवलं नाही. तुला येतं, याचा मला अभिमान आहे आणि भीतीही वाटते. तू आजारी पडलीस तर कुणाला हाक मारशील? मागच्या वर्षी ताप आला तेव्हा चार दिवस आम्हाला कळवलंही नाहीस. तुला कुणाची दया नको म्हणून का? हे लिहायचं नव्हतं.

आपला आराखडा बदलून बांधलेली कॉर्टलँटची इमारत सुरुंगानं उडवायच्या आधी रोर्क एक गोष्ट करतो, ती तुझ्या लक्षात आली का? रात्रीच्या पहारेकऱ्याला तो तिथून दूर पाठवायची व्यवस्था करतो. त्याच्यावर प्रेम करणारी डॉमिनिक गाडीतलं पेट्रोल संपल्याचं निमित्त करून त्याला मदत आणायला धाडते. एवढ्या संतापात, सगळं पणाला लावलेलं असताना, त्या पहारेकऱ्याचा विचार त्याच्या मनात होता. मी तिथे पेन्सिलीनं बारीकशी खूण केली आहे. तुझं पुस्तक खराब केलं म्हणून रागावू नकोस.

नंदूचा उजवा हात अजून हलत नाही, फोन आता डाव्या बाजूला ठेवला आहे. व्यायाम करून घेणारी मुलगी चार वाजता जाते, त्यानंतर तो जागा असतो. त्याचं बोलणं नीट उमगत नाही, पण तू बोललीस तर त्याला सगळं समजतं. जमलं तर कर.

पुस्तक पोस्टानं पाठवू, की तू न्यायला येशील?

तुझी,
आई